१९९७ : सिम्पसन्सचं नेमकं काय बिघडलं?



पिवळ्या रंगाचा एक टकला, जाडा माणूस हिरव्या झुडपात मागे मागे सरकत गायब होतो. हे जिफ तुम्ही कधी ना कधी कुणाला पाठवलंच असेल. फॅमिली ग्रुपवर नको तो विषय निघाला की मी तरी हमखास पाठवतो. तो माणूस म्हणजे होमर सिम्पसन, आणि तो त्या झुडपात शिरला १९९४ मध्ये. ‘स्टीम्ड हॅम्स’चा विनोद १९९६चा. ‘आजवरचा सगळ्यात भिकार एपिसोड’ असं ठणकावून सांगणारा कॉमिक्सच्या दुकानातला जाड्या १९९७चा.

आता गंमत बघा. ‘द सिम्पसन्स’ ही मालिका डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेत फॉक्स चॅनलवर सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. २०२५ मध्ये तिला थेट चाळिसाव्या सीझनपर्यंत मुदतवाढ मिळालीये. म्हणजे जगाने तिची जी चित्रं उचलली त्यातली बहुतेक पहिल्या आठ-नऊ वर्षांतली, आणि मालिका मात्र पस्तीस वर्षांच्या पुढे गेलेली. ढगावर ओरडणाऱ्या म्हाताऱ्यासारखे अपवाद आहेत, तो २००२चा. पण अपवादच.

म्हणून आजच्या भागात तो जुना वाद घेऊ या: सिम्पसन्स बिघडलं कधी? जुने चाहते यावर तासन्‌तास भांडतात. कुणी म्हणतं नवव्या सीझनपासून, कुणी अकराव्यापासून. मला विचाराल तर उतरण सुरू झाली १९९७ मध्ये, आणि ती सुरू केली मालिकेतल्या सगळ्यात हुशार लोकांनी, त्यांच्या सगळ्यात हुशार एपिसोड्समधून. ऐकायला विचित्र वाटतं ना? थांबा, सांगतो.

आधी, चांगलं होतं म्हणजे काय होतं? विनोद होतेच. पण त्या विनोदाखाली एक साधं घर होतं. बाप अणुवीज केंद्रात नोकरीला, हप्ते भरायचे, पोरगा वांड, पोरगी हुशार आणि एकटी, बाळ चोखणी तोंडात धरून बसलेलं. या लोकांना दुखायचं. १९९१च्या एका एपिसोडमध्ये लिसाला एक बदली शिक्षक भेटतात. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला ओळखतं, आणि मग त्यांची दुसरीकडे नेमणूक होते. ती भडकून बापाला वाट्टेल ते बोलते. होमरला तिचं दुःख समजत नाही, पण तो तिच्या खोलीत जाऊन बसतो.

किंवा जानेवारी १९९५चा, मॅगीच्या जन्माचा एपिसोड घ्या. होमर वीज केंद्राला रामराम ठोकून बोलिंगच्या क्लबात आवडीची नोकरी धरतो. तिसरं मूल येणार म्हटल्यावर त्या पगारात भागत नाही, आणि त्याला नाक घासत परत यावं लागतं. साहेब त्याच्या समोर पाटी लावतो, की तू आता कायमचा इथेच. होमर त्या पाटीवर मॅगीचे फोटो अशा बेताने चिकटवतो की उरलेल्या अक्षरांतून नवंच वाक्य तयार होतं: हे तिच्यासाठी कर. कार्टून आहे हो, पण नोकरीत अडकलेल्या कुठल्याही बापाला ते कळतं.

आता येऊ १९९७ वर. तीन एपिसोड. तिन्ही एकाच जोडीच्या देखरेखीखाली बनले: बिल ओकली आणि जॉश वाइनस्टीन. हे दोघे सातव्या-आठव्या सीझनचे शोरनर. शोरनर म्हणजे लेखकांच्या खोलीचा मुख्य, ज्याचा शब्द शेवटचा.

पहिला, फेब्रुवारीतला पूचीचा एपिसोड. या एपिसोडने सिम्पसन्सने ‘द फ्लिंटस्टोन्स’ला मागे टाकलं. प्राइम टाइममधली सगळ्यात जास्त एपिसोडची अ‍ॅनिमेटेड मालिका हा मान साठच्या दशकातल्या त्या मालिकेकडे होता, १६६ एपिसोड. सिम्पसन्सचा हा १६७वा. इथे कुणीही केक कापला असता. यांनी काय दाखवलं? सिम्पसन्समधली मुलं जे कार्टून बघतात, ‘इची अँड स्क्रॅची’, ते जुनं झालंय, प्रेक्षक कमी होतायत. मग चॅनलवाले पूची नावाचा एक ‘कूल’ कुत्रा त्यात घुसवतात. तो सगळ्यांना नकोसा होतो आणि घाईघाईत त्याला मारून टाकतात. म्हणजे रेकॉर्ड मोडायच्या दिवशी मालिका स्वतःलाच विचारतेय, आपण फार लांबलो का?

दुसरा, मे महिन्यातला. फ्रँक ग्राइम्स नावाचा माणूस होमरच्या ऑफिसात रुजू होतो. जन्मभर खस्ता खाल्लेला, कष्टाळू, एका बोलिंग क्लबच्या वर आणि दुसऱ्याच्या खाली असलेल्या खोलीत राहणारा. तो होमरकडे बघतो: कामचुकार, निष्काळजी, तरी मोठं घर, दोन गाड्या, जेवायला लॉब्स्टर, आणि हा अंतराळातसुद्धा जाऊन आलाय! ग्राइम्सचं डोकं फिरतं. होमरसारखं वागून दाखवायच्या नादात तो उघड्या हातांनी हाय व्होल्टेजची तार धरतो आणि मरतो. अंत्यविधीत होमर घोरतो, झोपेत बरळतो, आणि लोक हसतात.

हा एपिसोड मला भयंकर आवडतो, आणि भीतीही वाटते त्याची. कारण त्यातलं म्हणणं खरं आहे. खऱ्या जगातला माणूस होमरच्या जगात आला तर वेडा होईल. पण एकदा हे पडद्यावर सांगून टाकलं की होमर तो मॅगीचे फोटो चिकटवणारा बाप राहत नाही. आता तो असा माणूस आहे ज्याच्या वागण्याची किंमत दुसरेच मोजतात.

तिसरा, २८ सप्टेंबर १९९७. तो दाखवला गेला नवव्या सीझनमध्ये, पण बनवणारी जोडी तीच. आठ वर्षं ज्यांना आपण मुख्याध्यापक स्किनर म्हणून ओळखतो, ते तोतया निघतात! खरं नाव आर्मिन टॅमझेरियन. खरा स्किनर व्हिएतनामच्या युद्धातून परत येतो. गावाला तो आवडत नाही, म्हणून त्याला खुर्चीला बांधून रेल्वेवर चढवतात, आणि न्यायाधीश हुकूम काढतात की याचा पुन्हा कुणी उल्लेख करायचा नाही. लेखक केन कीलर यांचं म्हणणं असं की ही गोष्ट बदल नको असलेल्या लोकांवर आहे, म्हणजे खरं तर प्रेक्षकांवरच टोमणा. पण स्किनरचा आवाज देणारे हॅरी शिअरर यांना ती अजिबात पटली नाही. एका पात्राची आठ वर्षांची कमाई अशी फुंकून टाकणं त्यांना चुकीचं वाटलं. मालिकेचे जनक मॅट ग्रेनिंग यांच्याही नावडत्या एपिसोड्समध्ये हा आहे.

तिन्हींत एक गोष्ट सारखी दिसते. मालिका घराकडे बघायचं सोडून स्वतःकडे बघायला लागलीये. आपण फार लांबलो का, आपला नायक खरंच चांगला माणूस आहे का, आपण काहीही मोडलं तरी चालतं का. प्रश्न तिन्ही भारी, आणि ते विचारायला दम लागतो. पण हे प्रश्न मालिकेच्या शेवटी विचारायचे असतात. उत्तर मिळाल्यावर पडदा पाडायचा असतो. इथे पडदा पडला नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा एपिसोड होता.

पडला का नाही? याचं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. १९९४ पासून जुने एपिसोड अमेरिकेतल्या स्थानिक चॅनल्सना रोज दाखवायला विकले जात होते. त्याच्यावर टी-शर्ट, खेळणी, व्हिडिओ गेम. अशी दुभती गाय कोण सोडणार? आणि मालिका थांबत नव्हती, पण माणसं जात होती. सुरुवातीची लेखकांची खोली उभी करणारे सॅम सायमन १९९३ मध्ये बाहेर पडले. मोनोरेलचा गाजलेला एपिसोड लिहिणारे कोनन ओब्रायन त्याच वर्षी स्वतःचा टॉक शो करायला गेले. ग्रेग डॅनियल्स यांनी ‘किंग ऑफ द हिल’ काढलं, ते जानेवारी १९९७ मध्ये सुरू झालं. ऑगस्टमध्ये ‘साउथ पार्क’ आलं, आणि आगाऊ, तोंडाळ कार्टून म्हणजे सिम्पसन्स हे समीकरण मोडलं. खुद्द ग्रेनिंग ‘फ्युचुरामा’च्या मागे लागले, ते १९९९ मध्ये आलं. पूची लिहिणारे डेव्हिड कोहेन आणि स्किनरवाले कीलर तिकडेच गेले. नवव्या सीझनपासून शोरनर झाले माइक स्कली, आणि चाहत्यांच्या शिव्या त्यांच्याच वाट्याला आल्या. पण त्यांच्या हातात आली ती अशी मालिका, जिने स्वतःचा निरोप समारंभ आधीच उरकून घेतला होता.

परिणाम बघायचा तर फेब्रुवारी २००० मधले लागोपाठचे दोन आठवडे बघा. ६ तारखेच्या एपिसोडमध्ये घोड्यांच्या शर्यतीतले जॉकी हे खरं तर जमिनीखाली राहणारे बुटके निघतात. कॉमिक्सचा दुकानदार ‘सगळ्यात भिकार एपिसोड’ लिहिलेला टी-शर्ट घालूनच येतो, म्हणजे टीका करायचं कामसुद्धा मालिकेनेच उरकलं. १३ तारखेला शेजारच्या नेड फ्लँडर्सची बायको मॉड मरते. टी-शर्ट फेकणाऱ्या तोफेचे टी-शर्ट होमरच्या दिशेने सुटतात, तो नेमका खाली वाकतो आणि ती स्टँडवरून खाली पडते. तिचा आवाज देणाऱ्या मॅगी रॉसवेल मानधनाच्या वादातून आधीच मालिका सोडून गेल्या होत्या. म्हणजे एका आईचा मृत्यू गोष्टीला हवा होता म्हणून झालाच नाही. पगाराचा वाद मिटला नाही म्हणून झाला.

याचा अर्थ नंतर सगळा कचरा आहे असं अजिबात नाही. त्याच २००० सालच्या मे महिन्यातल्या ‘बिहाइंड द लाफ्टर’ला एमी मिळालं. पण सवय लागली होती: काही झालं तरी कुणाला फरक पडत नाही, पुढच्या रविवारी सगळं जैसे थे.

आणि आता आपल्या जवळचा मुद्दा. अपू.

अपू नहासपीमापेटिलॉन, दुकान चालवणारा भारतीय, १९९० पासून मालिकेत आहे. आवाज हँक अझारिया या गोऱ्या अमेरिकन नटाचा. १९९६ मध्ये, म्हणजे चांगल्या काळात, एक एपिसोड आला. गावात अस्वल शिरतं, कर वाढतात, आणि महापौर खापर फोडतात बेकायदा स्थलांतरितांवर. अपूची कागदपत्रं नीट नसतात. तो आधी खोटी कागदपत्रं करून अमेरिकन व्हायचं नाटक करतो, मग त्याची लाज वाटून रीतसर नागरिकत्वाची परीक्षा देतो. विनोद त्याच्यावर नव्हता, त्याच्या शेजाऱ्यांवर होता. १९९९ मध्ये याच अपूला एकदम आठ मुलं होतात आणि ती प्राणिसंग्रहालयात दाखवायला ठेवतात. फरक तुम्हीच बघा.

नोव्हेंबर २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू या न्यूयॉर्कच्या विनोदवीराने ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ नावाची डॉक्युमेंटरी काढली. मुद्दा साधा होता: अमेरिकेत वाढलेल्या भारतीय पोरांना शाळेत याच आवाजात चिडवलं गेलं. सिम्पसन्सचं उत्तर आलं ८ एप्रिल २०१८ ला. लिसा कॅमेऱ्याकडे वळून म्हणते की जे पूर्वी सगळ्यांना चालायचं ते आता खटकतं, काय करणार? शेजारी अपूचा फोटो.

मला सगळ्यात जास्त खुपलं ते हे की हे वाक्य लिसाच्या तोंडी घातलं. १९९१ मध्ये जिला कुणीतरी समजून घ्यावं म्हणून जीव तुटायचा, ती लिसा. ती असती तर अपूच्या बाजूने मोर्चा काढला असता तिने! तिला चॅनलची प्रवक्ता करून टाकलं. १९९७ मध्ये मालिका हुशारीने स्वतःविषयी बोलायला लागली होती. २०१८ मध्ये त्या सवयीचं बिल आलं, आणि ते भरायला लावलं एका आठ वर्षांच्या मुलीला. जानेवारी २०२० मध्ये अझारिया यांनी अपूचा आवाज द्यायचं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

अलीकडच्या वर्षांत मॅट सेलमन यांच्या हाताखालचे एपिसोड पुन्हा नावाजले जातायत, आणि बरेचसे रास्तच. सप्टेंबर २०२४ मध्ये तर त्यांनी नकली शेवटचा एपिसोड केला. कोनन ओब्रायन सूत्रसंचालनाला, शेवट लिहिलेला एका एआयने, आणि बार्टला एकाएकी अकरावा वाढदिवस लागतो. सगळी मोठी माणसं पटापट निरोप घ्यायला लागतात, आणि बार्ट घाबरतो. मालिका पुन्हा स्वतःविषयीच बोलतेय, मान्य. पण या वेळी त्यात एक दहा वर्षांचा मुलगा आहे ज्याला खरंच भीती वाटतेय. तेवढा फरक मला पुरतो.

म्हणून यापुढे कुठल्याही लांबलेल्या मालिकेबद्दल ‘हे बिघडलं कधी’ असा वाद निघाला ना, तर विनोद मोजत बसू नका. एकच गोष्ट बघा: यातल्या माणसांना शेवटचं दुखलं कधी? ती तारीख सापडली की वाद मिटला.

सुरुवात करायची असेल तर १९९५चा मॅगीचा एपिसोड लावा, आणि लगेच १९९७चा ग्राइम्सचा. दोन्ही मिळून पाऊण तास. कोणता होमर तुम्हाला आपला वाटला, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!