हवाई द्वंद्वयुद्ध

हवाई द्वंद्वयुद्ध : लढाऊ विमानांत जवळच्या अंतरावरून होणारी झुंज. या युद्धप्रकाराचा उगम पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) झाला. युद्धारंभी विमाने टेहळणीसाठी व तोफखान्यास लक्ष्ये दाखविण्यासाठी वापरीत. शत्रूची टेहळणी थोपविण्याच्या गरजेतून वैमानिक प्रथम पिस्तुले व रायफली बरोबर नेऊ लागले. ५ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रांट्स व केनो या फ्रेंच जोडीने रॅंस शहराजवळ मशीनगनने एक जर्मन विमान पाडले. विमानातून गोळीबार करून विमान पाडल्याची ही पहिली घटना मानतात.

समोर रोखलेल्या मशीनगनच्या गोळ्यांनी स्वतःच्याच विमानाचा पंखा फुटे, ही मुख्य अडचण होती. रॉलां गारॉस या फ्रेंच वैमानिकाने पंख्याच्या पात्यांवर पोलादी पट्ट्या बसवून एप्रिल १९१५ मध्ये काही विमाने पाडली. तथापि त्याच महिन्यात तो जर्मनांच्या हाती सापडला. पुढे फोकर विमानांवर, पाते नळीसमोर नसतानाच गोळी सुटेल अशी यंत्रणा बसविण्यात आली आणि जर्मनीस काही काळ आकाशात वर्चस्व लाभले.

ओस्वाल्ट ब्योल्के या जर्मन वैमानिकाने १९१६ मध्ये या युद्धाचे नियम घालून दिले. सूर्य पाठीशी ठेवावा, शक्यतो मागून चढाई करावी व अगदी जवळून गोळी झाडावी, हे त्यांतील प्रमुख होत. त्याच वर्षी सहकाऱ्याच्या विमानाशी टक्कर होऊन तो मरण पावला. त्याचा शिष्य मान्फ्रेट फोन रिख्टहोफेन याच्या नावावर ८० विजय आहेत; २१ एप्रिल १९१८ रोजी तोही मारला गेला.

वृत्तपत्रांनी या वैमानिकांना मध्ययुगीन वीरांचे रूप दिले. प्रत्यक्षात बहुतेक बळी बेसावधपणी पाठीमागून टिपले जात. एप्रिल १९१७ मध्ये ब्रिटिशांनी सु. २४५ विमाने गमावली. बलूनमधील निरीक्षकांना हवाई छत्र्या मिळत. ब्रिटिश वैमानिकांना मात्र युद्ध संपेपर्यंत त्या मिळाल्या नाहीत. त्यामुळे पेटलेल्या विमानातून सुटकेचा मार्ग नसे.

या युद्धात काही भारतीयही लढले. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर यांना जून १९१८ मध्ये मृत्यू आला. कलकत्त्यात जन्मलेले इंद्रलाल रॉय (१८९८–१९१८) यांनी जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विजय मिळविले. २२ जुलै रोजी ते फ्रान्समध्ये हवाई झुंजीत ठार झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. मरणोत्तर त्यांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे पदक देण्यात आले.