एक आकडा, शेकडो संगणक : ‘कॉन्फिगरेशन’ सांभाळणारी स्वयंचलित व्यवस्था

माझगावचे जीएसटी भवन जुन्या व्यापाऱ्यांना ‘विक्रीकर भवन’ या नावानेच अधिक परिचित आहे. राज्याच्या कर विभागाच्या या मुख्यालयाने गेल्या काही दशकांत करपद्धतीची मोठी स्थित्यंतरे पाहिली. मुंबई विक्रीकर कायदा, १९५९ ची जागा १ एप्रिल २००५ रोजी मूल्यवर्धित कराने घेतली आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. हिशेब वह्यांत होते तेव्हा नवे दर मुनीम लक्षात ठेवीत. आता ते संगणकाला सांगावे लागतात, आणि मोठ्या उद्योगात असे संगणक शेकड्यांनी असतात.

जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत दरांची फेररचना केली. बहुतेक नवे दर २२ सप्टेंबरपासून अमलात आले. टूथपेस्टवरील कर १८ वरून ५ टक्के, सिमेंटवरील २८ वरून १८ टक्के, तर पाकीटबंद पनीरवरील ५ टक्क्यांवरून शून्य झाला. तयारीला तीन आठवड्यांहूनही कमी अवधी होता. त्या मध्यरात्री बिल करण्याची रीत बदलली नाही. बदलले ते आकडे. हे आकडे कोठे ठेवायचे, ते कोणी बदलायचे आणि ते सर्वत्र बदलले याची खात्री कशी करायची, या तीन प्रश्नांचा विचार ‘कॉन्फिगरेशन व्यवस्थापना’त केला जातो.

आज्ञावली वेगळी, आकडे वेगळे

कोणत्याही सॉफ्टवेअरचे ढोबळमानाने दोन भाग असतात. काम कसे करायचे हे सांगणारी आज्ञावली हा पहिला. ते काम कोणत्या ठिकाणी, कोणत्या मर्यादेत आणि कोणत्या आकड्यांनुसार करायचे, हे ठरविणाऱ्या नोंदी हा दुसरा. या नोंदी म्हणजे ‘कॉन्फिगरेशन’. माहितीसाठा कोणत्या सर्व्हरवर आहे, उत्तराची वाट किती सेकंद पाहायची, कोणती सुविधा चालू आणि कोणती बंद, अशा बाबी त्यात येतात. त्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेल्या असतात. करदरांसारखे आकडे बहुधा तक्त्यांत साठविले जातात. तत्त्व मात्र एकच.

‘ई-इन्व्हॉइस’ हे त्याचे उत्तम उदाहरण. १ ऑक्टोबर २०२० रोजी ही पद्धत ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना बंधनकारक झाली. पुढे ही मर्यादा १००, ५०, २० आणि १० कोटी अशी खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. तीन वर्षांत आकडा पाच वेळा बदलला. तो आज्ञावलीतच कोरलेला असेल तर प्रत्येक वेळी सॉफ्टवेअर नव्याने तयार करून तपासावे लागते. वेगळा ठेवला असेल तर एक नोंद बदलून काम भागते.

तरीही जुना आकडा पुसून नवा लिहिणे पुरेसे नसते. २० सप्टेंबरला १८ टक्क्यांनी विकलेला माल २५ सप्टेंबरला परत आला, तर त्याची ‘क्रेडिट नोट’ मूळ दरानेच काढावी लागते. म्हणून प्रत्येक दरासोबत तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू, हेही नोंदवावे लागते.

हाताने केलेला बदल

मोठ्या उद्योगात एकाच प्रणालीच्या अनेक प्रती चालतात : एक चाचणीसाठी, एक प्रशिक्षणासाठी, एक प्रत्यक्ष कामासाठी आणि एक आपत्तीच्या वेळी वापरण्यासाठी. प्रशासक एकेका संगणकावर जाऊन फाइल बदलू लागला की त्यांच्यात हळूहळू तफावत पडते. रात्री अडचण आली म्हणून एखादी मर्यादा वाढविली जाते, आणि त्याची नोंद मात्र राहून जाते. कागदोपत्री सारखे असलेले दोन सर्व्हर प्रत्यक्षात वेगळे वागू लागतात.

याची किंमत किती मोठी असू शकते, हे अमेरिकेतील ‘नाइट कॅपिटल’ या दलाली कंपनीच्या उदाहरणावरून दिसते. तिच्या आठ सर्व्हरपैकी एकावर नवे सॉफ्टवेअर बसविणे राहून गेले होते. पूर्वी एका जुन्या सुविधेसाठी वापरलेली खूणच नव्या सुविधेसाठी पुन्हा वापरल्याने त्या एका सर्व्हरवर जुनी आज्ञावली जागी झाली. १ ऑगस्ट २०१२ रोजी सुमारे ४५ मिनिटांत चुकीच्या व्यवहारांचा पाऊस पडला आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. बदल प्रत्येक सर्व्हरवर पोहोचला की नाही, हे दुसऱ्या कोणी तपासलेच नव्हते.

स्वयंचलित पद्धत कशी चालते?

स्वयंचलित व्यवस्थेत सर्व फाइल एका मध्यवर्ती भांडारात ठेवल्या जातात. त्यासाठी २००५ मध्ये आलेली ‘गिट’ ही प्रणाली सर्रास वापरली जाते. कोणी, केव्हा आणि कोणती ओळ बदलली याचा इतिहास तीत राहतो. बदल सुचविणारा एक आणि मान्य करणारा दुसरा, असा नियम घालता येतो. त्यानंतर यंत्र प्राथमिक तपासणी करते : दराच्या जागी अक्षर तर नाही ना, तारीख वैध आहे ना, आवश्यक नोंद गळली तर नाही ना. मगच फाइल सर्व्हरवर पोहोचते.

या क्षेत्राचा पाया नॉर्वेतील ऑस्लो येथे मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये तयार केलेल्या ‘सीएफइंजिन’ने घातला. पुढे २००५ मध्ये ‘पपेट’, २००९ मध्ये ‘शेफ’ आणि २०१२ मध्ये ‘अ‍ॅन्सिबल’ ही साधने आली. त्यांची मूळ कल्पना इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीतील तरंगत्या गोळ्यासारखी आहे. ‘इतके लिटर पाणी सोड’ असे त्या गोळ्याला कोणी सांगत नाही. पाण्याची पातळी ठरलेली असते. कमी असेल तर पाणी येते, पुरेसे असेल तर काहीच होत नाही. त्याचप्रमाणे सर्व्हरची अपेक्षित स्थिती लिहून ठेवली जाते. साधन प्रत्यक्ष स्थिती पाहते आणि फरक आढळला तरच दुरुस्ती करते.

पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या मात्र या फाइलमध्ये लिहू नयेत. त्यांच्यासाठी स्वतंत्र, कुलूपबंद साठा असतो आणि फाइलमध्ये केवळ त्याचा निर्देश केला जातो.

वेगाची दुसरी बाजू

स्वयंचलन चूक टाळते, तसेच ती वेगाने पसरवतेही. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक सदोष फाइल जगभर पाठविली. ७८ मिनिटांत ती मागे घेण्यात आली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणकांना फटका बसला होता. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. आज्ञावली बदलताना जी काळजी घेतली जाते, ती या फाइलबाबत घेतलेली नव्हती. त्यानंतर अशा फाइलही टप्प्याटप्प्याने पाठविण्याचे धोरण कंपनीने स्वीकारले.

म्हणून बदल प्रथम मोजक्या संगणकांवर, मग दहा-वीस टक्क्यांवर आणि शेवटी सर्वत्र, असा क्रम पाळला जातो. बिघाड दिसताच मागील आवृत्तीवर परतण्याची सोयही आधीच तपासून ठेवावी लागते. दराच्या बाबतीत टप्पे पाडता येत नाहीत, कारण कायदा एकाच मध्यरात्री लागू होतो. तेथे नवी नोंद काही दिवस आधीच सर्वत्र पोहोचवून ती ठरलेल्या तारखेला आपोआप लागू होऊ देणे, हा सुरक्षित मार्ग ठरतो.

नियमांची सक्ती आणि आपत्तीची तयारी

आपल्याकडे हा विषय कायद्याशीही निगडित आहे. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांना संगणकीय नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात, तसेच संगणकांची घड्याळे ठरवून दिलेल्या राष्ट्रीय वेळेशी जुळवावी लागतात. या दोन्ही बाबी कॉन्फिगरेशनमधील काही ओळींच्या आहेत. पण पाचशे सर्व्हरवर त्या योग्य आहेत हे तपासनिसाला दाखवायचे, तर हाताने केलेल्या कामाचा पुरावा मिळणे कठीण.

दुसरा प्रश्न आपत्तीचा. माझगावच्या याच जीएसटी भवनाच्या वरच्या मजल्यांना १७ फेब्रुवारी २०२० रोजी मोठी आग लागली होती. अशी वेळ कोणत्याही कार्यालयावर येऊ शकते. संगणक नवा विकत घेता येतो, माहितीची प्रत असेल तर तीही परत मिळते. मात्र ती प्रणाली कशी जुळविली होती, हे एखाद्या कर्मचाऱ्याच्या केवळ स्मरणात असेल, तर काम सुरू व्हायला आठवडे लागतात. तीच जुळणी दुसऱ्या ठिकाणी लिहून ठेवलेली असेल, तर साधन ती नव्या संगणकावर पुन्हा उभी करू शकते. त्यासाठी अशा पुनर्उभारणीची तालीम वर्षातून निदान एकदा तरी व्हायला हवी.