सातारचा १९५७ चा कौल आणि यशवंतराव चव्हाण

यशवंतराव चव्हाण यांचे चरित्र सामान्यतः त्यांनी दिल्लीत भूषविलेल्या पदांच्या क्रमाने सांगितले जाते. तथापि त्यांच्या नेतृत्वाची खरी कसोटी दिल्लीत नव्हे, तर त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यात लागली.

१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे त्यांचा जन्म झाला. त्या वेळी सातारा जिल्ह्यात असलेले हे गाव आज सांगली जिल्ह्यात मोडते. शिक्षण कऱ्हाडास झाले. १९३२ मध्ये कारावास घडला. १९४२ च्या लढ्यात त्यांनी भूमिगत राहून जिल्ह्यातील संघटनेचे कार्य केले. कऱ्हाड, तासगाव, वडूज व इस्लामपूर येथे कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. वडूजला ९ सप्टेंबर रोजी गोळीबार झाला. याच चळवळीतून नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. १९४६ नंतर मात्र दोघांचे मार्ग भिन्न झाले. चव्हाण काँग्रेसतर्फे विधिमंडळात गेले. नाना पाटील शेतकरी-कामगारांच्या राजकारणातून पुढे कम्युनिस्ट पक्षात आले.

भाषिक राज्याच्या प्रश्नावर हा भेद तीव्र झाला. पक्षशिस्त व नेहरूंचे नेतृत्व यांस प्रमाण मानून चव्हाणांनी १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्रिपद स्वीकारले. त्याचे मोल १९५७ च्या निवडणुकीत द्यावे लागले. सातारा मतदारसंघाने नाना पाटलांना लोकसभेवर पाठविले आणि मुख्यमंत्री कऱ्हाडातून अल्प मताधिक्यानेच निवडून आले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरूंच्या प्रतापगड-भेटीच्या वेळी झालेल्या प्रचंड निदर्शनांनी लोकमताची तीव्रता पुन्हा प्रकट केली.

या पराभवसदृश विजयाचा अर्थ चव्हाणांनी ओळखला, यातच त्यांचे मुत्सद्दीपण आहे. विरोधकांना शत्रू न लेखता त्यांनी द्वैभाषिक टिकणार नाही, हे पक्षश्रेष्ठींस पटविण्याच्या कामी लोकमताचाच आधार घेतला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्याचे श्रेय केवळ चळवळीस किंवा केवळ चव्हाणांस देणे इतिहासास धरून होणार नाही. चळवळीच्या रेट्यावाचून त्यांच्या शब्दास वजन आले नसते आणि दिल्लीचा त्यांच्यावर विश्वास नसता, तर त्या रेट्याची परिणती इतक्या लवकर निर्णयात होणे कठीण होते.

१९६२ च्या नोव्हेंबरात चीन-युद्धाच्या संकटकाळी नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्रिपदासाठी पाचारण केले. पुढे १९६७ पासून लोकसभेत ते साताऱ्याचेच प्रतिनिधी होते. दहा वर्षांपूर्वी विरोधी कौल देणाऱ्या मतदारसंघाने त्यांस स्वीकारले, ही घटना त्यांच्या कोणत्याही पदापेक्षा अधिक बोलकी आहे.