संगणकाला टाच

डिंभ्यात घाई कुणालाच चालत नाही. घोड नदीसुद्धा धरणाच्या भिंतीपाशी मुकाट थांबते आणि सोडतील तेवढीच पुढे जाते. हे आमच्या पुतण्याला कोण सांगणार? माझा लॅपटॉप बघून तो म्हणाला, "काका, याचं घड्याळ जरा पळवू या."

मला वाटलं, वेळ मागे पडली असेल. म्हटलं, पळव बाबा.

हे घड्याळ निराळं निघालं. चिप ज्या ठोक्यावर काम करते तो ठोकाच ठरल्यापेक्षा जलद करायचा, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. खोड जुनी आहे. १९८४ साली आयबीएमचा 'एटी' ६ मेगाहर्ट्झवर चालायचा. हौशी मंडळींनी पेटी उघडून ठोका देणारा स्फटिक उपटला आणि जलद स्फटिक बसवला. कंपनीही वस्ताद, पुढे असं यंत्र सुरूच होऊ नये अशी मेख तिने मारून ठेवली. १९९८ मध्ये तर इंटेलची स्वस्तातली ३०० मेगाहर्ट्झची सेलेरॉन लोकांनी सर्रास ४५० वर पळवली आणि महागड्या चिपांना लाजवलं.

पण त्या टेबलावरच्या ऐसपैस पेट्या! लॅपटॉपच्या पोटात वारा शिरायला जागा कुठली? वेग वाढवला की बहुधा व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. व्होल्टेज १० टक्के चढलं, तर नुसती त्यापायीच उष्णता २१ टक्के चढते, वेगाची वेगळी. एवढं गणित मला आधी कळतं तर मी 'पळव' म्हणालो नसतो.

तीन दिवस यंत्र उधळलं. चौथ्या दिवशी मांडी भाजली आणि पडदा निळा झाला. चिप जळली नाही. हल्लीच्या चिपा फार तापल्या की आपणच मंदावतात, नाहीतर बंद पडतात. मात्र त्याआधी त्या हिशेब चुकतात, आणि चुकलेला हिशेब बिनदिक्कत डिस्कवर लिहून मोकळ्या होतात.

त्या डिस्कवर आंबेगाव होतं. तालुक्याला नाव देऊन स्वतः धरणाखाली गेलेलं. आईने सांगितलेलं घरन् घर मी टंकून ठेवलं होतं. फाइल उघडली तर नुसते चौकोन. दुसरी प्रत? ती उद्या काढणार होतो.

पुतण्याने वेग मुकाट्याने पूर्वपदावर आणला, वही घेतली आणि आजीसमोर बसला.

"लिही. देवळामागच्या घराच्या दारात आंबा."

"आई, मागच्या खेपेला चिंच म्हणाली होतीस."

"तेव्हा तू घाईत होतास. आंबाच लिही रे."