वीस वर्षं चालली, मग उद्या का नाही?

आजची गोष्ट नेऱ्यात आमच्या पडवीत सुरू होते, पॅरिसला जाते आणि परत पडवीत येते.

बाबांची जुनी काळी सायकल. धाकट्या भावाला ती पनवेलला क्लासला न्यायची होती. पुसताना हॅन्डलखालच्या जोडाशी केसाएवढी गंजकी रेघ दिसली. बाबा म्हणाले, "अरे, वीस वर्षं चालवली, आता काय होतंय?"

हाच प्रश्न युरोपला फार महागात पडला होता. ८ मे १८४२. व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल तुटला. मागचे डबे त्यावर आदळले, आग लागली आणि डब्यांची दारं कुलूपबंद! पन्नासहून जास्त माणसं गेली. रोज धावणारा अ‍ॅक्सल त्याच दिवशी का तुटावा?

स्कॉटलंडच्या विल्यम रँकिननं तुटलेले अ‍ॅक्सल तपासले. जिथे जाडी एकदम बदलते, त्या कोपऱ्यात तडा सुरू होतो आणि हळूहळू आत सरकतो, असं त्याला दिसलं. पुढे जर्मनीत ऑगस्ट वोलरनं वर्षानुवर्षं अ‍ॅक्सलवर वजन टाकून ते फिरवत ठेवले. एका झटक्यात जे वजन सहज पेलतं, तेच लाखो वेळा पडलं तर लोखंड तुटू शकतं, हे त्यानं दाखवलं. धातूचं हे थकणं म्हणजेच 'फटीग'.

आता आमची सायकल बघा. प्रत्येक खड्डा म्हणजे एक मोजणी, आणि तो जोड म्हणजे रँकिनचा कोपरा. आम्ही कोडवाले म्हणतो ना, काल चाललं म्हणून आज चालेलच असं नाही, तसंच.

मी पॉलिश पेपर मारला. रंगावरचा ओरखडा असता तर निघून गेला असता. रेघ धातूतच होती, नख अडकत होतं. दांडीवर एक जुना गोलसर पोचाही होता, त्याची मला तितकी भीती वाटली नाही. पण तडा वाढतो, आणि तो जोड उतारावर सुटला तर ब्रेक असून काय उपयोग?

सायकलवाले काका म्हणाले, "वेल्डिंग मारून देतो, पण शेजारून परत जाईल. पोराला नको देऊस."

बाबा काही बोलले नाहीत. रात्री त्यांनी पान्यानं बेल सोडवली. आता ती भावाच्या सेकंड-हॅन्ड सायकलवर वाजते.

तुमच्या घरीही जुनी सायकल असेल, तर आधी पुसा, नीट बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!