सुरैया, सुहैल आणि अगस्ती

रमजानच्या 29 तारखेला, मगरिबच्या वेळी, आमच्या औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) माणसे गच्चीवर चढतात. पश्चिमेकडे बोट दाखवणारे बुजुर्ग, ‘दिसला, दिसला’ म्हणून ओरडणारी पोरे. आम्ही याला आकाशदर्शन म्हणत नाही, चाँद पाहणे म्हणतो. पण ठरलेल्या संध्याकाळी सारा मोहल्ला आकाश न्याहाळतो, त्याला दुसरे काय म्हणावे? चाँद दिसला की मात्र सगळे खाली उतरून बाजाराला लागतात. पुढचे आकाश कोणी पाहत नाही.

ते दाखवावे म्हणून काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका रात्री आम्ही उर्दू माध्यमाची आमची मुले एका आकाशदर्शनाला नेली. मुले रांगेच्या शेवटी उभी राहिली. मराठीची भीती, इंग्रजीची त्याहून जास्त. माहिती देणारा तरुण सांगत होता, ‘हा अल्डेबरान, म्हणजे रोहिणी. मृगातला हा रायजेल.’ आमच्यातला एक जण हळूच म्हणाला, ‘सर, रिज्ल म्हणजे तर पाय ना?’

पायच तो. आम्हीच वर्षानुवर्षे फळ्यावर ‘रायजेल’ लिहीत आलो होतो, आणि अरबी जाणणाऱ्या मुलाला ते सांगायचे राहून गेले होते. अद-दबरान म्हणजे मागून येणारा. तो सुरैयाच्या, म्हणजे कृत्तिकांच्या, मागून उगवतो. उन्हाळ्यात दिसणारा अल्टेअर, आपला श्रवण, हा ‘ताइर’, म्हणजे उडता पक्षी. डेनेब म्हणजे ‘जनब’, शेपूट. इस्फहानच्या अब्दुर्रहमान अल-सूफीने इ. स. 964 च्या सुमारास टॉलेमीची यादी तपासून ताऱ्यांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यात देवयानी दीर्घिकेची नोंद ‘लहानसा ढग’ अशी आहे. बाराव्या शतकात स्पेनमध्ये अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली आणि ही नावे युरोपात रुळली. उच्चार तेवढे बिघडले.

हे सारे दूरच्या अरबस्तानचे आणि इराणचे, असे कोणी म्हणेल. पण ज्या हैदराबाद संस्थानात आपले शहर 1948 पर्यंत होते, तिथे नवाब जफर जंग यांनी 1901 मध्ये स्वखर्चाने वेधशाळा उभारली. त्यांच्या पश्चात 1908 मध्ये ती निजाम सरकारकडे गेली आणि पुढे उस्मानिया विद्यापीठाकडे. त्या वेळी जगभरच्या वेधशाळांनी आकाश वाटून घेऊन छायाचित्रांवरून ताऱ्यांची सूची करायला घेतली होती. दक्षिण गोलार्धातला 17 ते 23 अंशांचा पट्टा चिलीतल्या सांतियागोकडे होता. तिथे काम झाले नाही, ते हैदराबादेने केले. काचेच्या पट्ट्यांवरचा एकेक तारा मोजून 12 खंड निघाले. आमच्या आजोबांच्या पिढीने ते निजामिया वेधशाळेचे नाव ऐकले असेल, आम्ही बी.एड. होईपर्यंत ऐकले नव्हते.

आमच्याकडे आकाश बघायचे तर कोजागिरीनंतर. ऑगस्टमधला ययातीचा उल्कावर्षाव ढगांत जातो. 13-14 डिसेंबरचा मिथुनेचा तेवढा हाती लागतो. थंडीत कोणी म्हैसमाळला गेला तर शहराच्या दिव्यांपासून सुटका होते.

त्या रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला, साताऱ्याच्या डोंगराच्या बाजूला, खाली एक ठळक तारा होता. मुलांना आणायला आलेल्या एका रिक्षावाल्या पालकांनी विचारले, ‘सर, ये कौनसा?’ आम्ही म्हणालो, ‘सुहैल.’ ते चमकले. त्यांच्या मुलाचे नाव सुहैल. नाव आवडले म्हणून ठेवलेले. तारा आहे हे माहीत नव्हते. शेजारी एक म्हातारे शेतकरी नातवाला घेऊन उभे होते. ते म्हणाले, ‘अहो, हा तर अगस्ती. भादव्यात पहाटे दिसू लागला की पावसाळा सरत आला समजायचे आणि पाणी निवळते.’ अरबस्तानातही सुहैल पहाटे दिसू लागला की उन्हाळा उतरला असे धरतात, हे आम्ही त्यांना सांगितले. मग रिक्षावाले आणि शेतकरी दोघे बराच वेळ त्या एकाच ताऱ्याकडे बघत बोलत राहिले, आणि मुले दुर्बिणीसाठी पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली, या खेपेला पुढे.