दहा वाक्यं आणि ५० गुण

आजचा भाग एका प्रश्नावलीच्या इतिहासाचा आहे. ऐकायला कोरडं वाटेल, पण थोडं थांबा.

स्ट्रोक म्हणजे आपला लकवा, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, अशा मेंदूच्या आणि नसांच्या आजारांत रुग्णाला महिनोन्महिने व्यायाम लागतात. ते घरीच, स्क्रीनसमोर, लांब बसलेल्या थेरपिस्टच्या देखरेखीखाली करून घेणं म्हणजे टेलिरिहॅब. या सॉफ्टवेअरबद्दलचे पेपर वाचायला घेतले की एक आकडा हमखास भेटतो : एसयूएस, म्हणजे सिस्टिम युजेबिलिटी स्केल. सिस्टिम वापरायला सोपी आहे का, याचे १०० पैकी गुण.

आता हे आलं कुठून? १९८६ साली इंग्लंडमधल्या रेडिंग गावात, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कॉम्प्युटर कंपनीत जॉन ब्रूक काम करत होता. ऑफिसातली सॉफ्टवेअर्स लोकांना जमतात का, हे त्याला पटकन मोजायचं होतं. अडचण साधी होती. तासभर एखाद्या सिस्टिमशी झटापट करून वैतागलेल्या माणसाच्या हातात लांबलचक फॉर्म दिला, तर तो धड भरणार नाही. म्हणून त्याने ५० वाक्यं जमवली आणि दोन सॉफ्टवेअर्स घेतली. एक अगदी सोपं, दुसरं जवळपास न वापरता येणारं, असं सर्वमान्य असलेलं. ऑफिसातल्या २० जणांकडून दोन्हींना गुण घेतले. त्यांत सेक्रेटरी होत्या, सिस्टिम प्रोग्रामरही होते. ज्या वाक्यांनी दोन टोकं सगळ्यात स्पष्ट दाखवली, अशी दहा ठेवली. प्रत्येकाला ‘अजिबात पटत नाही’पासून ‘पूर्ण पटतं’पर्यंत पाच घरं. ही पद्धत मुळात रेन्सिस लिकर्टची, १९३२ची, आणि तीही लोकांची सामाजिक-राजकीय मतं मोजायला काढलेली. ब्रूकने आपली प्रश्नावली १९९६ मध्ये एका पुस्तकात छापली, तीही ‘झटपट, कामचलाऊ’ अशा अर्थाचं शीर्षक देऊन. फुकट होती, छोटी होती, जगभर पसरली.

त्या २० जणांत प्रत्येकाला वाचता येत होतं, बोलता येत होतं, पेन धरता येत होतं, हे मात्र लक्षात ठेवा.

आता गणित बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. विषम क्रमांकाची वाक्यं कौतुकाची, सम क्रमांकाची तक्रारीची. लोक न वाचता सगळीकडे ‘हो हो’ करतात, त्यावरचा हा उपाय. विषम वाक्यांच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम वाक्यांचं उत्तर ५ मधून वजा करायचं, बेरीज करून अडीचने गुणायचं. झाले १०० पैकी गुण. समजा कोणी सगळीकडे ५ वर खूण केली. किती मिळतात? ५०. सगळीकडे मधल्या ३ वर? तरीही ५०. आणि ब्रूकची सूचनाच अशी, की फार विचार न करता लगेच खूण करा. उत्तर देता येत नसेल तर मधल्या घरावर करा.

आता हा फॉर्म स्ट्रोकच्या रुग्णासमोर ठेवा. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली, की काहींना डावीकडचं जगच जाणवत नाही. त्याला निग्लेक्ट म्हणतात. ताटातलं डावीकडचं जेवण तसंच राहतं. फॉर्मवर ‘अजिबात पटत नाही’ हे घर सहसा डावीकडे असतं! त्याची खूण उजवीकडे सरकत राहणार, आणि सगळ्या खुणा उजवीकडे गेल्या तर गुण ५०. दुसरीला अफेजिया आहे. समजतं बरंच काही, पण वाक्य लांबलं, त्यात ‘पटत नाही’ आणि तक्रारीचं वाक्य एकत्र आलं, की नकाराला नकार होऊन गाठ बसते. ती मधल्या घरावर खूण करते. पुन्हा ५०. पेपरमध्ये मात्र तिघंही, म्हणजे हे दोघं आणि ज्याला सिस्टिम खरंच बेताची वाटली तो, एकाच रांगेत बसतात. या गुणांची तुलना ज्या ६८ च्या सरासरीशी करतात, ती वेबसाइट, फोन, ऑफिसचं सॉफ्टवेअर अशा रोजच्या गोष्टींच्या चाचण्यांतून आलेली. आमच्या धंद्यात याला चुकीचा बेसलाइन म्हणतात.

बरं, अनेक अभ्यासांत गंभीर अफेजिया किंवा स्मृतीचा त्रास असलेल्यांना आधीच बाहेर ठेवतात. मग ‘रुग्णांना सिस्टिम सोपी वाटली’ याचा अर्थ, फॉर्म भरू शकणाऱ्या रुग्णांना वाटली, एवढाच.

टेलिरिहॅब चालतं की नाही, हा वाद नाही. २०१९ मध्ये जामा न्यूरॉलॉजीत स्टीव्हन क्रेमर आणि सहकाऱ्यांची अमेरिकेतली चाचणी आली. ११ केंद्रं, स्ट्रोकनंतर हात कमजोर झालेले १२४ रुग्ण, प्रत्येकी ७० मिनिटांची ३६ सत्रं. फ्युगल-मायर या ६६ गुणांच्या हाताच्या तपासणीत क्लिनिकवाले सरासरी ८.३६ गुणांनी सुधारले, घरचे ७.८६ गुणांनी. घर कमी पडलं नाही. पण फरक बघा : फ्युगल-मायरमध्ये थेरपिस्ट हात उचलायला लावतो आणि स्वतः गुण देतो. वापरायला सोपं होतं का, हे मात्र रुग्णालाच लिहून सांगावं लागतं.

सुधारणा झाल्याच नाहीत असं नाही. २००६ मध्ये क्रेग फिनस्टॅडने दाखवलं की आठव्या वाक्यातला ‘कंबरसम’ हा शब्द इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना अडतो. मराठीत तो कसा आणाल? ‘अवजड’ म्हटलं तर माणूस यंत्राचं वजन करेल. मला ‘किचकट’ जवळचा वाटतो, पण ‘गुंतागुंतीची’ आधीच दुसऱ्या वाक्यात आहे. २०१६ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाच्या बाम्बांग परमांतो आणि सहकाऱ्यांनी टेलिहेल्थसाठी वेगळी प्रश्नावली काढली. थेरपिस्टचं ऐकू आलं का, मला मनातलं नीट सांगता आलं का, हे त्यात विचारलंय. अगदी हवे तेच प्रश्न! पण आहेत २१, आणि प्रत्येकाला सात घरं. एमएसच्या रुग्णाचा थकवा ज्याने पाहिलाय, त्याला ब्रूकचं छोटेपण पुन्हा आवडायला लागेल.

एसयूएसचं चौथं वाक्य तर मला घरच्या टेलिरिहॅबसाठी सगळ्यात अडचणीचं वाटतं. वापरायला तांत्रिक माणसाची मदत लागेल, अशा अर्थाचं ते आहे. घरी टॅब्लेट चालू करून देते सून किंवा बायको. ती ‘तांत्रिक माणूस’ नाही, म्हणून रुग्ण ‘मदत लागत नाही’ लिहितो, आणि तिची रोजची वीस मिनिटं कुठल्याच रकान्यात येत नाहीत. तिच्यासाठी वेगळा फॉर्म ठेवणं एवढं अवघड आहे का?

दुसऱ्या क्षेत्रांनी हे प्रश्न आधीच हाताळलेत. मूड मोजायची रॉबर्ट स्टर्नची पट्टी उभी आहे, चेहऱ्यांच्या चित्रांसकट, म्हणजे डावं-उजवं हा प्रश्नच कमी होतो. लंडनमध्ये काटेरिना हिलारी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अफेजिया असलेल्या लोकांसाठी जीवनमानाची ३९ प्रश्नांची प्रश्नावली तपासून दाखवली. समोर बसून, एकेक प्रश्न विचारत भरून घ्यायची. युजेबिलिटीवाल्यांनी तेवढं उचललं तरी चालेल. आणि तोपर्यंत, सरासरीसोबत कितीजणांनी दहाच्या दहा ठिकाणी ३ वर खूण केली, हा आकडाही छापा. एका ओळीचा कोड आहे.

पुढच्या भागात फ्युगल-मायरची गोष्ट, १९७५ चं गोथेनबर्ग. भेटू.